डंजन मास्टर्स गाइड २०२४: मॅजिक आयटम वापरायचा कसा, हे आता तरी नीट कळतं का?

सरळ मुद्द्यावर येतो. डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे फासे टाकून टेबलवर गोष्ट खेळायचा खेळ, त्याचं २०२४ चं डंजन मास्टर्स गाइड (खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरचं, म्हणजे डीएमचं, पुस्तक) घ्यावं का नाही असं बरेच जण विचारतायत, खास करून ज्यांच्या कपाटात २०१४ चं जुनं आहे ते, आणि जे रिव्ह्यू दिसतात ते बहुतेक बॅस्टियनचे (खेळाडूंच्या स्वतःच्या गडाचे) नियम, नवीन चित्रं आणि ग्रेहॉक या काल्पनिक जगाचा नकाशा यावरच थांबतात. ते सगळं छान आहेच. पण मला हे पुस्तक वेगळ्या कारणासाठी हवं होतं. आमचा ग्रुप म्हणजे अर्धे पुण्यात एका टेबलवर आणि अर्धे डिस्कॉर्डवर, आणि आमचा सगळ्यात जास्त वेळ ड्रॅगनशी लढण्यात जात नाही, तो जातो हातातला मॅजिक आयटम, म्हणजे जादूची वस्तू, चालू कशी करायची यावर बोलण्यात. कोणती अ‍ॅक्शन (आपल्या पाळीला करायची मुख्य कृती) लागणार, तोंडाने काही बोलायचं का, हातात धरायला लागतं का, आणि यातून जे बाहेर पडतं त्याला स्पेल कास्ट करणं, म्हणजे मंत्र टाकणं, म्हणायचं का नाही. हा रिव्ह्यू तेवढ्यापुरताच आहे, म्हणजे सातवा चॅप्टर, ट्रेझर, आणि त्यातही अ‍ॅक्टिव्हेशनचा भाग.

आधी निकाल सांगतो म्हणजे घाईतल्यांना पुढे वाचायला नको. पाचपैकी चार. जुन्यापेक्षा खूप सुधारलंय, एका मोठ्या भांडणाचा तर कायमचा निकाल लागलाय, पण नियम अजूनही चार ठिकाणी पसरलेत आणि एक गोष्ट जी वीस वर्षांपूर्वीच्या पुस्तकात होती ती अजून परत आलेली नाही.

जुन्या पुस्तकात काय होतं ते आधी बघू, कारण त्याशिवाय नव्याची किंमत कळत नाही. २०१४ च्या पुस्तकात अ‍ॅक्टिव्हेशनच्या भागात एक वाक्य होतं, की एखादा मॅजिक आयटम चालू करायला अ‍ॅक्शन लागत असेल तर ती अ‍ॅक्शन म्हणजे नेहमीची वस्तू वापरायची अ‍ॅक्शन नव्हे, त्यामुळे रोग (Rogue, चोरटं कॅरेक्टर) याच्या फास्ट हँड्ससारखं फीचर तिथे चालणार नाही. वाचताना साधं वाटतं. पण टेबलवर आणा. आमच्यातला एक मित्र थीफ खेळतो, म्हणजे रोगचा तो प्रकार ज्याला तिसऱ्या लेव्हलला फास्ट हँड्स मिळतं, हात इतका चपळ की लोकांच्या वस्तू वापरायला पूर्ण अ‍ॅक्शन लागते तिथे याला बोनस अ‍ॅक्शन, म्हणजे त्याच पाळीतली जास्तीची छोटी कृती, पुरते. त्याच्याकडे इम्मूव्हेबल रॉड आहे. ही लोखंडी दांडी आहे, एका टोकाला बटण, बटण दाबलं की दांडी जिथे आहे तिथे हवेत गच्च थांबते, ८,००० पौंड वजन पेलते, हलवायची तर स्ट्रेंग्थचा ३० चा चेक, म्हणजे फासा आणि ताकदीचा बोनस मिळून ३०, मारायला लागतो. आता ऑइलचा फ्लास्क किंवा अल्केमिस्ट्स फायर काढून फेकायला त्याची बोनस अ‍ॅक्शन चालते, पण एक बटण दाबायला चालत नाही, का तर दांडी मॅजिकची आहे. नियम म्हणून लिहिलेलं अगदी स्पष्ट होतं, त्यात शंका नव्हती, पण दर वेळी कोणीतरी विचारायचंच की अरे बटणच तर आहे, आणि डीएमला दर वेळी उत्तर द्यायला लागायचं, आणि ते उत्तर ऐकून कोणाचंच समाधान व्हायचं नाही, डीएमचंही नाही.

२०२४ मध्ये यांनी मुळातच हात घातला. आता दोन वेगळ्या नावाच्या अ‍ॅक्शन आहेत. एक मॅजिक अ‍ॅक्शन, म्हणजे स्पेल कास्ट करणं किंवा ज्या फीचरला, ज्या आयटमला मॅजिक अ‍ॅक्शन लागते असं लिहिलंय ते वापरणं. आणि दुसरी युटिलाइझ, म्हणजे साधी वस्तू वापरणं. बहुतेक आयटमच्या वर्णनात कुठली लागते ते लिहिलंय. इम्मूव्हेबल रॉडच्या बटणाला युटिलाइझ लागते. बास. आणि फास्ट हँड्स तर पूर्ण उलटं केलंय, आता थीफ बोनस अ‍ॅक्शनने युटिलाइझ करू शकतो किंवा मॅजिक आयटम वापरायला मॅजिक अ‍ॅक्शन घेऊ शकतो. दहा वर्षं जे चालत नाही म्हणून सांगितलं जायचं तेच आता त्या सबक्लासचं मुख्य बळ झालंय. मला हा बदल मनापासून आवडला. थीफ हा चोरलेल्या वस्तू वापरणारा माणूस आहे, त्याच्या हातात जादूची वस्तू इतरांपेक्षा पटकन चालली पाहिजे हे कॅरेक्टरला धरूनच आहे.

आता याचा प्रत्यक्ष खेळात अर्थ काय होतो ते बघा. वाँड ऑफ मॅजिक मिसाइल्स (जादूचे बाण सोडणारी छडी) घ्या. त्याला अट्यूनमेंट, म्हणजे वस्तूशी आधी नातं जोडणं, लागत नाही, स्पेलकास्टर असायची अट नाही, कोणीही हातात धरावं आणि चालवावं. एक चार्ज (वाँडमधली साठवलेली शक्ती) खर्च केला की पहिल्या लेव्हलचं (ही स्पेलची लेव्हल, कॅरेक्टरची नव्हे) मॅजिक मिसाइल, तीन बाण, प्रत्येकी १डी४+१ (चार बाजूंचा एक फासा अधिक १), अटॅक रोल, म्हणजे नेम लागला का बघायचा फासा, नाही, सरासरी साडेदहा डॅमेज हमखास. तिसऱ्या लेव्हलचा थीफ हे बोनस अ‍ॅक्शनला मारतो आणि उरलेल्या अ‍ॅक्शनमध्ये धनुष्य घेऊन स्नीक अटॅक, म्हणजे रोगचा जास्त डॅमेजचा घाव. हे जुन्या पुस्तकात शक्यच नव्हतं.

पण इथेच थोडं थांबायला पाहिजे, कारण याच ठिकाणी नवीन पुस्तकाबद्दलची माझी पहिली तक्रार आहे. वाँडच्या वर्णनात मॅजिक अ‍ॅक्शन हे शब्द सरळ लिहिलेले नाहीत. तिथे एवढंच की हातात धरून चार्ज खर्च करून स्पेल कास्ट करता येतो. मग तुम्ही जाता अ‍ॅक्टिव्हेशनच्या भागात, तिथे लिहिलंय की आयटममधून स्पेल टाकला तरी त्याचा नेहमीचा कास्टिंग टाइम (स्पेल टाकायला लागणारा वेळ) लागतो. मग तुम्ही जाता प्लेअर्स हँडबुक या खेळाडूंच्या पुस्तकामध्ये मॅजिक मिसाइलच्या पानावर, तिथे कास्टिंग टाइम अ‍ॅक्शन. मग परत त्याच हँडबुकच्या मागच्या ग्लॉसरीत, तिथे कळतं की अ‍ॅक्शन कास्टिंग टाइमचा स्पेल टाकणं म्हणजेच मॅजिक अ‍ॅक्शन. चार ठिकाणं जोडली की उत्तर मिळतं, आणि उत्तर हो असंच येतं, थीफला बोनस अ‍ॅक्शनला वाँड चालतो. पण जो माणूस सेशनच्या मध्ये, सगळे वाट बघत असताना, फोनवर शोधतोय त्याला ही साखळी कुठून सापडणार. वाँडच्या ओळीत तीन शब्द जास्त टाकले असते तर काय बिघडलं असतं.

स्क्रोलचं, म्हणजे मंत्र लिहिलेल्या गुंडाळीचं, पण तसंच. स्पेल स्क्रोल वाचायचा तर त्या स्पेलचा नेहमीचा कास्टिंग टाइम. मग थीफ बोनस अ‍ॅक्शनला स्क्रोल वाचेल का? माझ्या टेबलवर मी हो म्हणतो, पण त्या स्पेलचा कास्टिंग टाइम अ‍ॅक्शन असेल तरच, दहा मिनिटांचा विधी कोणी बोनस अ‍ॅक्शनमध्ये उरकणार नाही. तेराव्या लेव्हलला थीफला यूज मॅजिक डिव्हाइस मिळतं आणि त्यात कुठलाही स्क्रोल वाचायची मुभा आहे, त्यावरून मला तरी लिहिणाऱ्यांचा रोख स्पष्ट वाटतो. तोपर्यंत थीफला स्क्रोलचा फारसा उपयोग नाहीच, कारण स्पेल तुमच्या लिस्टमध्ये (तुमच्या क्लासच्या स्पेलच्या यादीत) नसेल तर स्क्रोलवरचं काही वाचताच येत नाही. आणि हो, नवीन नियमात एका टर्नमध्ये स्पेल स्लॉट (स्पेल टाकायचा ठरलेला कोटा) एकच खर्च करता येतो असं आहे, पण स्क्रोल किंवा वाँड स्लॉट खातच नाही, त्यामुळे ती मर्यादा इथे लागत नाही. विझार्ड (जादूगार) खेळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, बोनस अ‍ॅक्शनला स्पेल टाकला की त्या टर्नमध्ये दुसरा मोठा स्पेल नाही हा जुना नियम डोक्यात बसलेला असतो तो काढून टाका.

मॅजिक अ‍ॅक्शन वेगळी काढल्याचा दुसरा परिणाम मात्र सगळ्यांना आवडणार नाही. फायटरचं (लढवय्या कॅरेक्टरचं) अ‍ॅक्शन सर्ज. पूर्वी जास्तीची एक अ‍ॅक्शन मिळायची, काहीही करा. आता जास्तीची अ‍ॅक्शन मिळते पण मॅजिक अ‍ॅक्शन सोडून. हे मुळात विझार्डमध्ये दोन लेव्हल फायटरच्या घेऊन एका टर्नमध्ये दोन मोठे स्पेल मारणाऱ्यांसाठी केलेलं दिसतं, आणि ते ठीकच आहे. पण त्यात साधा फायटरपण सापडतो. ज्याला आयुष्यात एक स्पेल येत नाही त्याच्याकडे नेकलेस ऑफ फायरबॉल्स (फेकला की आग होऊन फुटणाऱ्या मण्यांची माळ) असेल तर त्याला एका टर्नमध्ये दोनदा मणी फेकता येणार नाही. एकदा मणी आणि मग तलवार, हे चालतं. आमच्याकडे फायटर खेळणाऱ्या मैत्रिणीला हे अजिबात पटलं नाही आणि तिचं म्हणणं मला बरोबर वाटतं, हातातली वस्तू फेकणं आणि फायरबॉल कास्ट करणं यात फरक आहे, आणि तो फरक हेच पुस्तक दुसरीकडे अगदी काटेकोरपणे पाळतं.

तो दुसरीकडचा फरक म्हणजे या सगळ्या विषयातला माझा सगळ्यात आवडता भाग. काही आयटम तुम्हाला स्पेल कास्ट करू देतात. काही आयटम स्पेलचा परिणाम देतात पण कास्ट काहीच होत नाही. वर्णनातल्या एका क्रियापदावर सगळं अवलंबून आहे, आणि लोक ते वाचतच नाहीत, दोन्हीकडे फायरबॉल लिहिलंय म्हणजे दोन्ही सारखंच असं धरून चालतात.

उदाहरण घ्या. बार्बेरियन (रानटी योद्धा) रेजमध्ये, म्हणजे रागाच्या झटक्यात, आहे. रेजमध्ये स्पेल कास्ट करता येत नाही, कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे चालू स्पेलवरचं लक्ष, ठेवता येत नाही. त्याच्या कमरेला वाँड ऑफ मॅजिक मिसाइल्स आहे आणि गळ्यात नेकलेस ऑफ फायरबॉल्स. वाँड चालणार नाही, कारण तिथे कास्ट असा शब्द आहे. नेकलेस चालणार. का तर मणी तोडायचा, ६० फुटांपर्यंत फेकायचा, आणि तो पडला की तिसऱ्या लेव्हलच्या फायरबॉलसारखा फुटतो, त्यातून बचावायला १५ चा सेव्ह, म्हणजे समोरच्याने टाकायचा फासा. यात बार्बेरियनने कास्ट काही केलंच नाही, त्याने फक्त मणी फेकला. मॅजिक अ‍ॅक्शन लागते हे खरं, पण रेज मॅजिक अ‍ॅक्शनला अडवत नाही, स्पेल कास्ट करण्याला अडवतं. आणि २०२४ च्या नियमात शत्रूला सेव्ह मारायला लावला की रेज चालू राहतं, म्हणजे मणी फेकून रेज विझतही नाही. रागाने लाल झालेला माणूस गळ्यातली माळ तोडून आग फेकतोय, हे दृश्यच किती भारी आहे, आणि ते नियमाच्या शब्दाशब्दात बसतं. डीएम म्हणून अशा वेळी नाही म्हणायची घाई करू नका, आधी आयटमचं पान उघडा.

औषधांच्या बाटल्यांचं पण हेच. पोशन ऑफ स्पीड प्यायलं की हेस्ट या वेग वाढवणाऱ्या स्पेलचा परिणाम एक मिनिट मिळतो, कॉन्सन्ट्रेशन नको, कारण हेस्ट कोणी कास्ट केलेलंच नाही. आणि पोशन पिणं किंवा शेजारच्याला पाजणं आता बोनस अ‍ॅक्शन. २०१४ मध्ये पूर्ण अ‍ॅक्शन जायची, त्यामुळे २डी४+२ जीव परत मिळवायला अख्खा टर्न घालवायचा का असा प्रश्न पडायचा आणि बहुतेक टेबलांवर बोनस अ‍ॅक्शन असा घरचाच नियम चालायचा. तो आता पुस्तकात आला. याबद्दल जास्त बोलायला काही नाही, बरोबर केलं.

आता काउंटरस्पेल, म्हणजे समोरच्याचा स्पेल हाणून पाडणारा स्पेल. यावर जुन्या नियमात तासन् तास वाद घालता यायचा. कोणी वाँडमधून फायरबॉल मारला तर समोरचा काउंटरस्पेल करू शकतो का? जुन्या काउंटरस्पेलमध्ये एवढंच होतं की कोणीतरी स्पेल टाकताना दिसलं पाहिजे. मग वाँडचा स्पेल टाकताना दिसतो का, त्याला काही बोलणं नाही हातवारे नाहीत साहित्य नाही, मग दिसणार काय, असं करत करत २०१७ च्या झॅनथर्स गाइड या जोडपुस्तकापर्यंत जायला लागायचं, तिथे कॉम्पोनंट (म्हणजे हेच बोलणं, हातवारे, साहित्य) काढून टाकलेला स्पेल ओळखू येत नाही असं सापडायचं, आणि तरी समोरचा म्हणायचा की अरे त्याने वाँड रोखलाय की माझ्यावर, तो मला दिसतोय. नवीन काउंटरस्पेलमध्ये सरळ लिहिलंय की समोरचा बोलण्याचे, हातवाऱ्यांचे किंवा साहित्याचे कॉम्पोनंट वापरून स्पेल टाकताना दिसला पाहिजे. आणि आयटममधून टाकलेल्या स्पेलला, वर्णनात वेगळं काही लिहिलं नसेल तर, कॉम्पोनंट लागत नाहीत. म्हणजे वाँड आणि स्टाफमधून (जादूच्या काठीतून) आलेला स्पेल काउंटर होत नाही. स्क्रोल मात्र होतो, कारण स्क्रोलमध्ये फक्त साहित्य माफ आहे, बोलणं आणि हातवारे करायला लागतातच. शत्रूच्या विझार्डकडे काउंटरस्पेल आहे हे माहीत असेल तर स्टाफ ऑफ फायर हातात घेऊन जा, स्क्रोलची पिशवी घरी ठेवा. हे इतकं स्वच्छ लिहिलेलं बघून खरंच बरं वाटलं.

हेस्टबद्दल एक छोटीशी गोष्ट राहिली, ती इथेच सांगून टाकतो. हेस्टने मिळणाऱ्या जास्तीच्या अ‍ॅक्शनमध्ये युटिलाइझ आहे, मॅजिक नाही. त्यामुळे आमच्या थीफची ती दांडी हेस्टच्या अ‍ॅक्शनमध्येपण चालते, वाँड चालत नाही.

आता कमांड वर्ड. काही आयटम शब्द उच्चारल्याशिवाय चालत नाहीत. फ्लेम टंग तलवार हे सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण, बोनस अ‍ॅक्शन, कमांड वर्ड, आणि पात्यावर ज्वाळा, प्रत्येक घावाला २डी६ जास्तीचं आगीचं डॅमेज. आमच्याकडे ज्याच्याकडे ही तलवार आहे त्याने शब्द ठेवलाय 'पेट!' आणि तो दर वेळी खरोखर ओरडतो, डिस्कॉर्डवर हेडफोन लावलेल्यांचे कान जातात, पण त्याशिवाय त्या तलवारीची मजा नाही. यातला नियमाचा भाग असा की जिथे आवाजच निघत नाही, म्हणजे कोणी सायलेन्स टाकलाय, २० फूट रेडियसच्या त्या गोलात तुम्ही अडकलात, तिथे बोलायचा कमांड वर्ड चालत नाही. तलवार पेटणार नाही. पण आधीच पेटलेली असेल तर विझत नाही, शब्दाने ती विझवता येणार नाही एवढंच, म्यानात घातली की विझेल. आणि वाँड ऑफ मॅजिक मिसाइल्सच्या वर्णनात कमांड वर्ड नाही, स्पेलला बोलायचं कॉम्पोनंट नाही, त्यामुळे तो सायलेन्सच्या आत बिनधास्त चालतो. सायलेन्समध्ये कोंडलेल्या विझार्डने वाँड काढला आणि सगळे डीएमकडे बघायला लागले, असा प्रसंग तुमच्याकडेही येईल तेव्हा हे लक्षात असू द्या.

आता ती गोष्ट जी मला या पुस्तकात हवी होती आणि मिळाली नाही. थर्ड एडिशनमध्ये, म्हणजे २००३ च्या साडेतीन (३.५) आवृत्तीच्या नियमात, चालू करायच्या चार ठरलेल्या पद्धती होत्या. स्क्रोलसाठी स्पेल कम्प्लीशन, वाँड आणि स्टाफसाठी स्पेल ट्रिगर, मग कमांड वर्ड, आणि घातलं किंवा वापरलं की आपोआप चालणारे. प्रत्येक आयटम यातल्या एका खणात बसायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वर्णनात काहीच लिहिलं नसेल आणि वस्तूच्या स्वरूपावरूनही कळत नसेल तर कमांड वर्ड लागतो असं धरा, हे स्वच्छ लिहिलेलं होतं. एक वाक्य. डीएमने स्वतः बनवलेला आयटम असो, कुठून तरी उचललेला असो, पान अर्धवट लिहिलेलं असो, उत्तर तयार. आजच्या पुस्तकात अ‍ॅक्टिव्हेशनचा भाग सांगतो की प्रत्येक आयटमच्या वर्णनात बघा. बरं, वर्णनात नसेल तर? छापील पुस्तकातल्या आयटमपुरतं हे सहसा अडत नाही कारण संपादन चांगलं आहे. पण या खेळात अर्धे आयटम डीएमच्या वहीतले असतात. नवीन डीएमला आयटम बनवायला शिकवणाऱ्या पुस्तकात हे एक वाक्य असायलाच हवं होतं. मी आमच्यासाठी ठरवून टाकलंय, काही लिहिलं नसेल तर हातात धरायचं, मॅजिक अ‍ॅक्शन, आणि शब्द बोलायचा.

पाथफाइंडर या तशाच दुसऱ्या खेळाच्या लोकांनी हे कसं केलं तेही सांगतो कारण तुलना करण्यासारखी आहे. २०१९ च्या मूळ सेकंड एडिशनमध्ये प्रत्येक आयटमखाली अ‍ॅक्टिव्हेट अशी वेगळी ओळच, त्यात किती अ‍ॅक्शन ते चिन्हाने दाखवलेलं आणि पुढे कमांड, एनव्हिजन किंवा इंटरॅक्ट, म्हणजे बोलायचं, मनात आणायचं, का हाताने काहीतरी करायचं. डोळ्याने एका सेकंदात कळतं. वाचायला रुक्ष आहे, मान्य, डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या आयटमची वर्णनं वाचायला जी गंमत येते ती त्यात नाही. पण भर लढाईत मला गंमत नको असते, ती एक ओळ हवी असते. दोन्ही जमवता आलं असतं, वर एक ओळ आणि खाली गोष्ट.

चार्जेसबद्दल. ज्यांच्याकडे जुनं पुस्तक आहे त्यांना हा बदल नीट समजून घ्यायला पाहिजे. जुन्या नियमात वाँड ऑफ मॅजिक मिसाइल्सचे सातही चार्ज एकदम खर्च करता यायचे, पहिल्या चार्जला पहिली लेव्हल आणि पुढच्या प्रत्येकाला एक लेव्हल जास्त, म्हणजे सातव्या लेव्हलचं मॅजिक मिसाइल, नऊ बाण, सरासरी साडेएकतीस डॅमेज, एकही चुकत नाही. अनकॉमन, म्हणजे फार दुर्मिळ नसलेल्या, आयटममधून, पहिल्या लेव्हलच्या कॅरेक्टरच्या हातून. धोका एवढाच की शेवटचा चार्ज गेला की डी२० (वीस बाजूंचा फासा) टाकायचा आणि १ आला की वाँडची राख, म्हणजे पाच टक्के. नवीन पुस्तकात एका वेळी जास्तीत जास्त तीनच चार्ज. तिसरी लेव्हल, पाच बाण, सरासरी साडेसतरा. पहाटे १डी६+१ चार्ज परत येतात ते तसंच, राखेचा नियमपण तसाच. मला हा बदल योग्य वाटतो, कारण जुन्या पद्धतीत पहिल्या मोठ्या शत्रूवर वाँड रिकामा करायचा एवढंच व्हायचं, आता दिवसभर जपून वापरायची वस्तू झाली. पण ज्यांच्या कॅम्पेन (अनेक सेशन चालणाऱ्या गोष्टी) मध्यावर आहेत त्यांनी नवीन पुस्तक आणल्या आणल्या हे लागू करू नका, खेळाडूंशी आधी बोला, हातात आलेली ताकद अचानक काढून घेतली की वातावरण बिघडतं.

अट्यूनमेंटवर फार लिहित नाही, ते होतं तसंच आहे, एका वेळी तीन आयटम, शॉर्ट रेस्टभर (छोट्या विश्रांतीभर) वस्तूवर लक्ष, आणि वस्तू १०० फुटांपेक्षा लांब २४ तास राहिली की नातं तुटतं. फक्त थीफला तेराव्या लेव्हलला चौथा मिळतो, आणि चार्ज खर्च करताना डी६ वर ६ आला तर तो चार्ज वाचतो. थीफचं एकूणच नशीब उघडलंय या वेळी.

एक गोष्ट नवीन डीएमसाठी. वाद झाला की लोक सगळ्यात आधी कोणत्या तरी डिझायनरची जुनी पोस्ट शोधायला लागतात. जेरेमी क्रॉफर्ड यांची उत्तरं आणि सेज अ‍ॅडव्हाइस या नियमांवरच्या प्रश्नोत्तरांचं संकलन २०१४ च्या नियमांसाठी खूप उपयोगी होतं, मी स्वतः ते कायम उघडून ठेवायचो. पण त्यातली मॅजिक आयटम आणि फास्ट हँड्सबद्दलची उत्तरं आता उलटी झालीत. २०२४ च्या नियमांनी खेळत असाल तर जुनं उत्तर दाखवून कोणाला गप्प करू नका. त्यापेक्षा आयटमचं पान सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा. कास्ट लिहिलंय का बघा, कुठल्या अ‍ॅक्शनचं नाव आहे ते बघा, हातात धरून का अंगावर घालून ते बघा, शब्द बोलायचाय का बघा. मोठ्याने वाचल्यावर निम्मे वाद तिथेच मिटतात, हा माझा अनुभव आहे, कारण खेळाडूला आयटमचं नाव आठवत असतं आणि वर्णन त्याने मिळाला त्या दिवसानंतर वाचलेलंच नसतं. आयटम दिला की त्याचं वर्णन कार्डावर लिहून द्या, अ‍ॅक्शनचं नाव सगळ्यात वर.

पुस्तक म्हणून बांधणी चांगली आहे, ३८४ पानं, मॅजिक आयटमची चित्रं जुन्यापेक्षा कितीतरी जास्त आणि खरंच सुंदर, खेळाडूला चित्र दाखवलं की तो खूश. अमेरिकेतली छापील किंमत ४९.९९ डॉलर आहे, भारतात विकणाऱ्याप्रमाणे बदलते आणि कधी कधी फारच वर जाते, तेव्हा घाई न करता दोन-तीन ठिकाणी बघून घ्या.

कोणी घ्यावं? डीएम असाल आणि २०२४ चं प्लेअर्स हँडबुक आधीच घेतलं असेल तर घ्या, कारण जुन्या पुस्तकातले आयटम आणि नव्या अ‍ॅक्शन यांची सांगड तुम्हाला प्रत्येक वेळी मनात घालायला लागेल आणि तो त्रास पैशापेक्षा जास्त आहे. २०१४ च्या नियमांनीच पुढे खेळायचं ठरवलं असेल तर यासाठी खर्च करू नका, फास्ट हँड्सचा नवीन नियम आणि पोशनची बोनस अ‍ॅक्शन एवढं उचला आणि खुशाल खेळा. आणि फक्त खेळाडू असाल तर एसआरडी ५.२ (मूळ नियमांचा दस्तऐवज) मोफत आहे, २०२५ च्या एप्रिलमध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सखाली आलेलं, पीडीएफ उतरवून घ्या. थीफ त्यात आहे, वाँड ऑफ मॅजिक मिसाइल्स, फ्लेम टंग, नेकलेस ऑफ फायरबॉल्स, इम्मूव्हेबल रॉड सगळे आहेत, म्हणजे मी वर जे जे लिहिलंय त्यातलं नवीन नियमांबद्दलचं बहुतेक सगळं तुम्हाला एक रुपया न घालवता स्वतः तपासता येईल. मॅजिक आयटमचा भाग आणि मागची रूल्स ग्लॉसरी दोन वेगळ्या टॅबमध्ये उघडून ठेवा, एकात अडलं की दुसऱ्यात सापडतं. कुठे माझं वाचन चुकीचं वाटलं तर आयटमचं नाव आणि ती ओळ टाकून खाली लिहा, स्क्रोल आणि फास्ट हँड्सवर तर मला बाकीच्या डीएम लोकांचं मत खरंच हवंय.